कोसॅक : पळून आलेल्यांचं स्वातंत्र्य

मित्रहो, कोसॅक म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो रशियाच्या झारचा घोडेस्वार, चाबूक उगारून मोर्चात घोडा घालणारा. 1905 सालच्या रशियन क्रांतीत तो तसा होताच. पण त्याचा मूळपुरुष शोधायला गेलं की सापडतो तो मालकाच्या जमिनीवरून पळालेला शेतकरी, आणि ही उलथापालथ मला फार अस्वस्थ करते.

सोळाव्या शतकात पोलंड-लिथुआनिया काय आणि मॉस्को काय, दोन्हीकडे कुळांना जमीनदाराच्या दावणीला बांधण्याचा सपाटा चालू होता. दक्षिणेला नीपर आणि डॉन नद्यांच्या खालच्या अंगाला मोठा गवताळ मुलूख ओस होता. क्रिमियाचे तातार तिथं धाडी घालून माणसं धरून नेत आणि गुलाम म्हणून विकत. अशा ठिकाणी जिवावर उदार झालेलेच राहणार. आधीच्या तुर्की भाषिक भटक्यांत रशियन, युक्रेनी, पोलिश असे सगळे मिसळत गेले. म्हणूनच कोसॅकांना एका रक्ताची जमात म्हणणं मला पटत नाही.

नीपरच्या खडकाळ, फेसाळत्या टप्प्याखाली झापोरोझियन कोसॅकांची ‘सिच’ ही तटबंदीची छावणी होती. तिथं बायकांना मज्जाव. म्होरक्या सभेत निवडायचा, आणि निवड झाली की म्हातारे कोसॅक त्याच्या डोक्यावर चिखल थापत, सत्ता डोक्यात जाऊ नये म्हणून! त्यांच्या ‘चायका’ होड्या तर बघण्यासारख्या. लांबी साधारण साठ फूट, बुडू नये म्हणून दोन्ही बाजूंना बोरूचे भारे बांधलेले, आणि होडी न वळवता मागं फिरता यावं म्हणून दोन्ही टोकांना सुकाणू. असल्या होड्यांतून काळा समुद्र ओलांडून 1615 मध्ये त्यांनी थेट इस्तंबूलच्या वेशीजवळ जाळपोळ केली.

मग ही माणसं झारच्या चाकरीत गेली कशी? माझ्या मते, पोटामुळे. नांगर आला की मागोमाग जमीनदार येतो, ही डॉनवाल्यांची धास्ती. 1690 मध्ये तर त्यांनी नांगरटीवर सरसकट बंदीच घातली. पण मग धान्य, दारूगोळा आणि शिसं दरसाल मॉस्कोहून यायचं. डॉनवर पळून आलेल्याला परत द्यायचं नाही, हा त्यांचा जुना बाणा. तरी 1671 मध्ये बंडखोर स्टेपान राझिनला धरून मॉस्कोच्या हवाली केलं ते डॉनच्याच वडीलधाऱ्यांनी. त्याच वर्षी त्यांनी झारशी इमानाची शपथ घेतली. पुढं अटामान, म्हणजे कोसॅकांचा म्होरक्याही झारच नेमू लागला. सिच रशियाची सम्राज्ञी कॅथरीननं 1775 मध्ये जमीनदोस्त केली. तिचा शेवटचा प्रमुख काल्निशेव्स्की पांढऱ्या समुद्रातल्या सोलोवेत्स्की मठात पंचवीस वर्षं कैदेत होता.

जानेवारी 1801 मध्ये झार पावेलनं डॉनचा अटामान ओर्लोव याला लिहिलं, इंग्रजांना तडाखा द्यायला हिंदुस्थानवर चालून जा. म्हणजे आपल्याच दिशेनं! वीस हजारांवर स्वार ऐन बर्फात निघाले. स्वारी करायची की नाही, हे सभेत ठरायचे दिवस केव्हाच गेले होते. मार्चमध्ये पावेलचा खून झाला आणि नव्या झारनं त्यांना वाटेतूनच माघारी बोलावलं.