पाण्याच्या वरच्या थरातला मासा

पृष्ठभागापासून जेमतेम बोटभर खाली हा मासा संथपणे फिरतो आहे. हनुवटीवरच्या दोन मिशा पुढे रोखलेल्या आहेत, पाठ पट्टीने आखल्यासारखी सरळ आहे आणि रुंद तोंड वरच्या बाजूला उघडणारे आहे. अरोवानाच्या शरीराची ही ठेवण वरून पडणारे भक्ष्य टिपण्यासाठी आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पुराचे पाणी जंगलात शिरते, तेव्हा रुपेरी अरोवाना झुकलेल्या फांद्यांवरचे भुंगे आणि कोळी उडी मारून पकडतो, म्हणून त्याला पाण्यातले माकड असेही म्हणतात. घरच्या टाकीत अरोवानाच्या ज्या तक्रारी उद्भवतात, त्यांतल्या बऱ्याचशांचे मूळ त्याच्या या स्वभावाकडे केलेल्या दुर्लक्षात सापडते.

नर अरोवाना अंडी आणि पिल्ले आपल्या तोंडात सांभाळतो. तिथून बाहेर काढलेली पिल्ले कधी कधी पोटाखाली पिवळसर बलकाची पिशवी लोंबत असतानाच विक्रीला येतात. ती दिसायला मोहक असली तरी नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. बारा ते पंधरा सेंटिमीटरचे, नियमित खाऊ लागलेले पिल्लू घ्यावे आणि ते खाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. कल्ल्यांची झाकणे शरीराला सपाट चिकटलेली असावीत, श्वास संथ असावा, मिशा सरळ असाव्यात आणि डोळे स्वच्छ असावेत. एखादा खवला गळालेला असेल तर काळजीचे कारण नाही, कारण तो पुन्हा येतो. मात्र कण्याचा बाक किंवा वेडावाकडा जबडा जन्मभर तसाच राहतो, आणि किंमत कमी केली म्हणून असा मासा घेण्यात काहीच शहाणपणा नाही.

लाल आणि सोनेरी रंगांसाठी प्रसिद्ध असलेला आशियाई अरोवाना 1975 पासून सायटीस (CITES) या, संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या परिशिष्टात आहे. त्यामुळे नोंदणीकृत केंद्रात पैदास झालेला, शरीरात मायक्रोचिप बसवलेला आणि प्रमाणपत्रासह येणारा मासाच परदेशी व्यापारात वैध ठरतो. चिपचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक यंत्राने पडताळून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

टाकी विकत घेताना बहुतेकांचे लक्ष लांबीकडे जाते, पण अरोवानाला लागते ती रुंदी. रुपेरी अरोवाना 90 सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो आणि पहिल्या वर्षातली त्याची वाढ भल्याभल्यांना चकित करते. सहा फूट लांब पण जेमतेम दीड फूट रुंद टाकीत दोन फुटांचा मासा प्रत्येक वळणावर अंग मुडपतो, काचेला घासतो आणि मिशा मोडून घेतो. अडीच ते तीन फूट रुंदी मिळत असेल, तर थोडी उंची सोडून द्यायला हरकत नाही, कारण तळाचे पाणी तो फारसे वापरत नाही. झाकण मात्र जड असावे आणि अडकवून बंद करता यावे. पाइप आत सोडण्यासाठी ठेवलेली फटसुद्धा जाळीने बुजवावी. उडी मारून बाहेर पडलेला अरोवाना बहुधा सकाळी जमिनीवरच सापडतो.

पाण्याच्या बाबतीत घाई महागात पडते. मासा आणण्याआधी फिल्टर चार ते सहा आठवडे चालवून त्यात उपयुक्त जिवाणू वाढू द्यावेत. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याची चाचणी करूनच मासा सोडावा. तापमान 26 ते 30 अंश सेल्सिअस आणि सामू (pH) 6 ते 7 च्या आसपास स्थिर असावा. दर आठवड्याला सुमारे पाव हिस्सा पाणी बदलावे आणि नव्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवावे. कोंदट, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात किंवा अपुऱ्या टाकीत कल्ल्याच्या झाकणाची कड बाहेर वळू लागते. सुरुवातीलाच हे ओळखून पाणी आणि प्रवाह सुधारला तर कड पुन्हा बसू शकते; ती ताठर झाल्यावर माशांच्या डॉक्टरांना गाठण्यावाचून इलाज राहत नाही.

जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याचा सोस आवरावा. गोल्डफिशमधील थायमिनेज हे विकर जीवनसत्त्व ब-1 नष्ट करते, शिवाय अशा माशांबरोबर परजीवी टाकीत शिरतात. तरंगणाऱ्या गोळ्या, पोसलेले नाकतोडे आणि सोललेली कोळंबी यांवर अरोवाना उत्तम राहतो. बुबुळ खाली कलण्याचा विकार चरबीयुक्त खाण्यामुळे होतो की सतत खाली पाहिल्यामुळे, यावर पाळणाऱ्यांत एकमत नाही. तरीही अन्न पृष्ठभागावरच द्यावे, कारण ते त्याच्या स्वभावाला धरून आहे.

संध्याकाळी आधी खोलीतला दिवा लावावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी टाकीतला. काळोखात स्थिर असलेल्या माशावर अचानक उजेड पडला की तो दचकून सरळ वर उसळतो, आणि तेव्हा झाकणावर आदळतो तो त्याचा जबडा.