काकीची खुर्ची

श्रोतेहो, नमस्कार. कोकणात पंचायतीची निवडणूक आली की पहिली बैठक देवळाच्या सभामंडपात बसते. भावकी जमते. सरपंचपद बाईला राखीव असेल, तर कोणाच्या घरची सून उभी करायची ते तिथेच ठरतं. सून तेव्हा घरी चहाचं आधण ठेवत असते. १९९३ पासून कायद्याने पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या, २०११ साली महाराष्ट्राने त्या पन्नास टक्क्यांवर नेल्या. जागा मिळाली, नाती मात्र तीच राहिली.

माझ्या धाकट्या काकीचं सांगते. मालवण तालुक्यातलं आमचं गाव. काका मुंबईला चाकरमानी. शेत, गुरं, म्हातारी आजी सगळं काकीवर. माझे बाबा तिचे मोठे दीर. दोघं एकमेकांशी थेट कधी बोललेच नाहीत. "काकीक सांग, जेवाण वाढूक," असा निरोप माझ्यामार्फत जायचा, आणि काकी चार हातांवर उभी असायची. मोठ्या दिरांसमोर सून बसत नाही.

काकी सरपंच झाली. बाबा सदस्य. पहिल्या सभेला मी खिडकीतून बघत होते. खुर्ची रिकामी, आणि सरपंच दाराच्या चौकटीला टेकून उभी. डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. विषय पाण्याचा निघाला. पुरुषांनी बोअर मारायचं ठरवत आणलं. काकीने तोंडातला पदर सोडला. कुठली विहीर शिमग्यानंतर आटते, कुठलीला मे महिन्यातही चार कळश्या मिळतात, तिने वाडीवार सांगितलं. पाणी भरणारी तीच. सभा गप्प झाली.

बाबा तिच्याकडे न बघता शिपायाला म्हणाले, "तिका खुर्ची दी रे."

लक्षात घ्या, मंडळी, अडवलं होतं नात्याने, आणि खुर्ची दिली तीही नात्यानेच. दिरांनी सांगितलं म्हणून ती बसली. कायद्याचा कागद तिथे आधीपासून होताच.

काकी खुर्चीच्या कडेवर बसली, सभा संपेपर्यंत तशीच.

त्या रात्री ओटीवरून बाबांचा आवाज आला, "फुडची सभा कधी?" मी निरोप घेऊन उठणार, तोच आतून तांदूळ निवडता निवडता काकी बोलली, "सोमवारी. धा वाजता."