साखर घराण्यात आहे म्हणजे नेमकं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

‘आमच्या घराण्यातच साखर आहे’ असं आपण किती सहज म्हणून जातो. आजीला होती, वडिलांना होती, आता मला. पण वारशात साखर येत नाही. येतात ती जनुकं, म्हणजे प्रथिनं कशी घडवायची याचं लिखाण. त्यातलं एखादं अक्षर बदललेलं असतं. ते नेमकं कुठे बदललंय आणि त्यानं प्रथिनाचा आकार कसा बिघडलाय, हे कळलं तर काही जणांचं औषधच बदलतं. म्हणून आज हा विषय घेतला.

रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं प्रथिन म्हणजे इन्शुलिन. ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशींमध्ये तयार होतं. आधी ११० अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांची, एक लांब साखळी बनते. तिची घडी बसते, नको ते तुकडे कापले जातात आणि दोन छोट्या साखळ्या उरतात, एक २१ची, दुसरी ३०ची. त्यांना धरून ठेवतात गंधकाचे तीन दुवे. दोन दुवे साखळ्यांना एकमेकींशी जोडतात, तिसरा छोट्या साखळीच्या आतच असतो. अमिनो आम्लांचा हा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी उलगडला, त्याबद्दल त्यांना १९५८ साली नोबेल मिळालं. डोरोथी हॉजकिन यांनी इन्शुलिनच्या स्फटिकाचं क्ष-किरण छायाचित्र १९३५ साली घेतलं होतं, पण रेणूचा त्रिमिती आकार त्यांच्या हाती लागला १९६९ साली. एका आकारासाठी ३४ वर्षं! त्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटतात.

गंधकाचा दुवा जुळतो तो सिस्टीन नावाच्या दोन अमिनो आम्लांमध्ये. जनुकातलं एक अक्षर बदललं आणि त्यातल्या एका सिस्टीनच्या जागी दुसरंच काही आलं, तर दुवा जुळत नाही. साखळीची घडी चुकते. आता तुम्ही म्हणाल, जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी आहेच की. पण इथे तसं होत नाही. चुकीच्या घडीचे रेणू चांगल्या रेणूंनाही अडकवून ठेवतात. पेशीच्या आत कोंडी होते, ताण वाढतो आणि शेवटी बीटा पेशीच मरते. मग तान्ह्या बाळाला, बऱ्याचदा सहा महिन्यांच्या आतच, मधुमेह होतो. पुष्कळदा हा बदल त्या बाळातच पहिल्यांदा झालेला असतो, आईवडील दोघंही निरोगी असतात. अशा आईबापांनी स्वतःला दोष लावून घेऊ नये, हे मला इथे मुद्दाम सांगायचंय.

दुसरं एक बाळ घ्या. वय तेच, लक्षणंही तीच. याच्या पेशींत इन्शुलिन मात्र तयार आहे, फक्त बाहेर येत नाही. बीटा पेशीच्या आवरणात पोटॅशियमची एक वाट असते, आठ प्रथिनांची मिळून बनलेली. आतली चार वाटेचं दार बनवतात, बाहेरची चार त्याच्यावर ताबा ठेवतात. रक्तात साखर वाढली की पेशीत एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, वाढतं, ते आतल्या प्रथिनाच्या खोबणीत बसतं आणि दार बंद होतं. त्यानं पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरतं आणि इन्शुलिन बाहेर पडतं. काही जनुकबदलांमुळे एटीपीला हे दार नीट बंदच करता येत नाही. दार उघडं राहतं, इन्शुलिन आतच अडकतं.

आतल्या प्रथिनाच्या जनुकातला हा बदल २००४ साली सापडला. मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या त्याआधी कित्येक दशकं वापरात होत्या. त्या बाहेरच्या प्रथिनाला चिकटून तेच दार बंद करतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांना या गोळ्या दिल्या, त्यांतल्या ४४ जणांचं इन्शुलिनचं इंजेक्शन बंद झालं. दिवसातून अनेकदा टोचून घेणाऱ्या लेकरांना गोळीवर आणता आलं! पहिल्या बाळाला मात्र या गोळ्यांवर विसंबता येत नाही, कारण तिथे दोष दाराचा नसून घडीचा आहे.

तिसरं प्रथिन ग्लुकोकायनेज. साखरेचा रेणू आत आला की ते त्याच्याभोवती मुठीसारखं मिटतं, आणि त्यावरून बीटा पेशीला साखर किती आहे ते समजतं. ही पकड सैल झाली की पेशीला साखर आहे त्याहून थोडी कमी वाटते. उपाशीपोटी साखर साधारण १०० ते १४५च्या मध्ये राहते, जन्मापासून, वर्षानुवर्षं तशीच. याला बहुधा औषध लागत नाही. गरोदरपणात मात्र वेगळा विचार करावा लागतो. असा बदल असलेल्या पालकाकडून तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते.

हे सारे एका जनुकाचे मधुमेह, एकूण मधुमेहींत थोडेच. नेहमीच्या टाइप टू मधुमेहात अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, आणि वजन, आहार, हालचाल यांचाही.

मग तपासणीबद्दल डॉक्टरांना कुणी विचारावं? मधुमेह तरुणपणीच झाला, वजन बेताचं आहे आणि घरात सलग दोन-तीन पिढ्यांत तो दिसतोय, अशांनी. आणि ज्यांना सहा महिन्यांच्या आत झाला, त्या प्रत्येकानं. मात्र निदान होईपर्यंत इन्शुलिन स्वतःहून थांबवायचं नाही. त्या बाळाचं वय आज चाळीस असलं, तरी ही तपासणी करून घेता येते.