पावसाची किल्ली

[दृश्य: जॉर्डन नदीच्या पूर्वेकडचे उघडे डोंगर. आटलेला ओढा.]

एक माणूस राजासमोर येतो आणि सांगतो, यापुढे मी म्हणेन तेव्हाच पाऊस. पाऊसच काय, दवसुद्धा पडणार नाही. एवढं बोलून तो निघून जातो.

त्याचं नाव एलियाहू. मराठी बायबल वाचणाऱ्यांना तो एलीया म्हणून ठाऊक आहे. जॉर्डनपलीकडच्या गिलाद प्रांतातला, तिश्बी म्हणून ओळखला जाणारा. त्याचे आईवडील कोण, पोटापाण्याला तो काय करायचा, याबद्दल हिब्रू शास्त्रात अवाक्षर नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात तो अचानक समोर उभा राहतो आणि त्याच्या तोंडचं पहिलंच वाक्य हे असं.

समोरचा राजा अहाब, इस्राएलचा. याचा पुरावा शास्त्राबाहेरही सापडतो. असीरियाचा सम्राट तिसरा शल्मनेसर याने इ. स. पूर्व ८५३ मधल्या कर्कारच्या लढाईचा वृत्तांत दगडावर कोरून ठेवला. विरोधकांच्या यादीत अहाब आहे. त्याचे रथ २,००० आणि शिपाई १०,०००. सम्राटांना शत्रूची फौज फुगवून सांगायची हौस असते, तेव्हा आकडे जरा जपूनच घ्यावेत. पण राजा होता आणि चांगला बलाढ्य होता, एवढं नक्की. तो दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

अहाबाची राणी ईजबेल, सीदोनच्या राजाची मुलगी. लग्नानंतर राजधानी शोमरोनमध्ये बआल या देवाचं मंदिर उभं राहिलं. बआल म्हणजे ढगांचा आणि गडगडाटाचा देव, शेतकऱ्याला पाऊस देणारा. एलियाहूने घाव घातला तो नेमका तिथे. तुमचा देव पाऊस देतो म्हणता ना, मग पाडून दाखवा.

वाद म्हणून हे बिनतोड आहे. पण दुष्काळ पडला की त्याची झळ राजवाड्याला सगळ्यांत शेवटी लागते. कथा लिहिणाऱ्याला हे पुरेपूर ठाऊक होतं, असं पुढचं वाचताना पदोपदी जाणवतं.

[दृश्य: दरीतला ओहोळ, वर घिरट्या घालणारे कावळे.]

देव एलियाहूला करीथ नावाच्या ओहोळाकाठी लपायला सांगतो. तिथे डोमकावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि मांस आणून देतात. लेवीयच्या पुस्तकात निषिद्ध पक्ष्यांची यादी आहे आणि कावळा तिच्यात आहे. म्हणजे धर्मासाठी आकाश बंद करणारा माणूस विटाळाच्या पक्ष्याने आणलेल्या घासावर जगतोय. मग पाऊस नाही म्हणून तो ओहोळही आटतो. स्वतःच उच्चारलेला शब्द आता त्याच्याच घशाला कोरड पाडतो.

पुढचा हुकूम आणखी विचित्र आहे. ऊठ आणि सारफथला जा. तिथल्या एका विधवेला मी तुझ्या जेवणाचं सांगून ठेवलं आहे.

सारफथ म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं सराफंद. त्या काळी सीदोनच्या मुलखातलं गाव, म्हणजे ईजबेलचं माहेर आणि बआलचं घर. ज्या राणीशी वैर धरलं, तिच्याच मुलखातल्या एका बाईच्या दारात भाकरी मागायला जायचं.

गावाच्या वेशीत ती बाई सरपण वेचताना दिसते. तो पाणी मागतो. ती आणायला वळते, तेवढ्यात मागून हाक येते, येताना भाकरीचा तुकडाही आण.

ती सांगते, तुझा देव परमेश्वर याची शपथ, माझ्याकडे भाकरी नाही. मडक्यात मूठभर पीठ आहे, कुपीत थोडं तेल. या दोन काटक्या घेऊन घरी जाते, माझ्यासाठी आणि मुलासाठी शेवटचं काहीतरी करते. ते खाऊ आणि मरू.

हिब्रू शास्त्राला विधवा अनोळखी नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात शेतकऱ्याला बजावलं आहे, पेंढी शेतात विसरलास तर परत आणायला जाऊ नकोस. ती परक्याची, अनाथाची आणि विधवेची. जैतून झोडपल्यावर फांद्या पुन्हा धुंडाळू नकोस, द्राक्षं तोडल्यावर मागे राहिलेली वेचू नकोस. तू मिसरात गुलाम होतास हे लक्षात ठेव. यात दयाळू व्हा असा मोघम उपदेश कुठे नाही. कुठली पेंढी, कुठली फांदी, कोणाचा हक्क, सगळं नाव घेऊन सांगितलेलं. सारफथच्या वेशीत मात्र हा सगळा कायदा उलटा झालाय. परका दारात उभा आहे आणि देणारी विधवाच आहे. तीही परधर्मीय.

आणि एलियाहू काय म्हणतो? भिऊ नकोस. पण आधी माझ्यासाठी एक लहानशी भाकर कर, मग तुझ्यासाठी आणि मुलासाठी. पाऊस पडेपर्यंत मडक्यातलं पीठ संपणार नाही.

हे ‘आधी’ कितीही वेळा वाचलं तरी खटकतं. प्रवचनांत या जागी बाईच्या श्रद्धेचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. पण मागणाऱ्याकडे कोणी फारसं बघत नाही. ज्याच्या शब्दाने दुष्काळ पडला, तोच शेवटच्या मुठीतला पहिला वाटा मागतोय. बाई वाद घालत नाही, खात्री मागत नाही. जाते आणि भाकर करते. पीठ संपत नाही. खरं तर या प्रसंगात श्रद्धेची कसोटी संदेष्ट्याची लागलीच नाही. लागली ती तिची.

[दृश्य: जुन्या घराची माडीवरची खोली. खिडकीतून येणारा उजेड.]

मग तिचा मुलगा आजारी पडतो आणि त्याचा श्वास थांबतो. आता मात्र ती बोलते. देवमाणसा, मी तुझं काय वाईट केलं होतं? माझ्या पापांची आठवण करून द्यायला आणि माझं पोर मारायला आलास का?

एलियाहूकडे उत्तर नाही. राजापुढे ठणकावून बोलणारा माणूस इथे एवढंच म्हणतो, मुलाला माझ्याकडे दे. तिच्या कुशीतून मुलाला घेतो, माडीवर नेतो, आपल्या बिछान्यावर ठेवतो. आणि देवाशी भांडतो. जिच्या घरी मी पाहुणा आहे, त्या विधवेवरही तू हे संकट आणलंस? तीनदा तो मुलाच्या अंगावर पालथा पडून विनवतो. मुलाचा जीव परत येतो. मुलाला खाली आणून तो आईच्या हवाली करतो.

या जागी तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात, त्याच्या सन्हेद्रिन या भागात, रब्बींनी म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी एक गोष्ट जोडली आहे. मूळ शास्त्रात ती नाही, पण मूळ कथेतली फट त्यांनी बरोबर हेरली आहे. रब्बी सांगतात, देवाकडे तीन किल्ल्या असतात, बाळंतपणाची, पावसाची आणि मेलेल्याला उठवण्याची. त्या तो सहसा कोणाच्या हाती देत नाही. एलियाहूने हट्टाने पावसाची किल्ली मागून घेतली होती. आता मुलासाठी तो दुसरी मागायला आला. देव म्हणाला, दोन किल्ल्या शिष्याकडे आणि एकच गुरूकडे, हे लोकांना कसं दिसेल? ती परत कर, मग ही घे.

एलियाहू किल्ली परत करतो. अठराव्या अध्यायाच्या सुरुवातीला देव म्हणतो, जा, अहाबाला भेट, मी पाऊस पाडणार आहे.

देशभरची जनावरं मरत होती तेव्हा तो बधला नव्हता. बधला एका मुलासाठी, कारण त्या मुलाच्या घरचं मीठ त्याने खाल्लं होतं. श्रद्धा म्हणजे आकाश बंद ठेवण्याची ताकद, असा त्याचा आजवरचा समज होता. तो समज एका सीदोनी बाईच्या घरात मोडला, निदान रब्बींना तरी कथा अशीच ऐकू आली.

[दृश्य: कर्मेल पर्वताचा कडा.]

पुढचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. कर्मेल पर्वत, बआलचे ४५० संदेष्टे, दोन वेद्या, कोणाचा देव अग्नी पाठवतो याची पैज, आणि एलियाहूच्या वेदीवर आकाशातून पडलेला अग्नी. चित्रकारांना तो अतोनात आवडतो, म्हणून आपण तिथे रेंगाळणार नाही. फक्त शेवट सांगायला हवा, कारण तो बहुतेक वेळा गाळला जातो. बआलच्या त्या सगळ्या संदेष्ट्यांना किशोन ओढ्यापाशी नेऊन एलियाहूने ठार केलं. शास्त्राने हे झाकलेलं नाही, आपणही झाकू नये.

त्याऐवजी ओबद्याकडे पाहू. हा अहाबाच्या राजवाड्याचा कारभारी. ईजबेल परमेश्वराच्या संदेष्ट्यांना मारू लागली, तेव्हा त्याने १०० जणांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपवलं आणि अन्नपाणी पुरवलं. भर दुष्काळात, राणीच्या नाकाखाली, पगार राजाचा खाऊन. त्याच्यासाठी कावळे आले नाहीत की पिठाचं मडकं भरलं नाही. वाटेत एलियाहूची गाठ पडते तेव्हा तो हे सगळं त्याला सांगतोही.

आणि तरी थोड्याच दिवसांत एलियाहू देवाला म्हणतो, मी एकटाच उरलो आहे.

ईजबेलच्या धमकीने तो पळाला होता. बैर-शेबाला सोबतच्या गड्याला सोडून वाळवंटात दिवसभर चालला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. एवढ्या मोठ्या विजयानंतर हे. देवदूत येतो, पण कानउघाडणी करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो. ऊठ, खा. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, खाऊन घे, वाट तुला झेपायची नाही. खचलेल्या माणसाला आधी जेवायला आणि झोपायला द्यावं, ही समज इतक्या जुन्या ग्रंथात इतक्या सहजपणे आलेली पाहून थक्क व्हायला होतं.

चाळीस दिवस, चाळीस रात्री चालून तो होरेबला पोहोचतो, मोशेच्या पर्वतावर. डोंगर फोडणारा वारा येतो, वाऱ्यात देव नाही. भूकंप होतो, त्यात नाही. अग्नी येतो, त्यातही नाही. कर्मेलवर ज्याने अग्नी मागून घेतला, त्याच्यासमोर हे घडतंय. मग एक अगदी बारीक, शांत स्वर. तो विचारतो, एलियाहू, तू इथे काय करतोस?

हाच प्रश्न त्याला आधीही विचारला होता. तेव्हा दिलेलं उत्तर तो आताही शब्दशः देतो. लोकांनी तुझा करार मोडला, वेद्या पाडल्या, संदेष्टे मारले, मी एकटा राहिलो. इतकं पाहूनही एक अक्षर बदलत नाही. देव सांगतो, तुझ्या जागी अलीशाला अभिषेक कर. आणि हो, बआलपुढे गुडघा न टेकलेले ७,००० अजून आहेत.

या तक्रारीची यहुदी परंपरेने पुढे फार गमतीदार वसुली केली. एका जुन्या मिद्राशात, म्हणजे रब्बींनी शास्त्रावर रचलेल्या कथांत, देव त्याला म्हणतो, लोकांनी करार सोडला म्हणालास ना? सुंता ही त्या कराराचीच खूण, मग यापुढे त्यांच्या प्रत्येक सुंतेला जातीने हजर राहा आणि तो पाळला जातो की नाही ते बघ. म्हणून आठव्या दिवशी बाळाची सुंता होते तेव्हा एलियाहूची खुर्ची मांडतात. वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी प्याला भरतात. अग्नीच्या रथातून वर गेलेला हा माणूस लोककथांत परत येतो तो बहुधा वाटसरू किंवा भिकारी होऊन, अडल्यानडल्याच्या मदतीला.

[दृश्य: अलिबाग तालुका. नारळीच्या वाड्या. समुद्र.]

आणि तो कोकणातही आला.

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांची आठवण सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. किनाऱ्यावर बेशुद्ध पडलेल्यांना एलियाहूने सावध केलं आणि धीर दिला, असंही सांगतात. हे लोक पुढे तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. गावांवरून आडनावं पडली, केहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर. घरची भाषा मराठी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर यांनी हिब्रू शास्त्रातल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली.

अलिबाग तालुक्यातल्या खंडाळे गावाजवळ एका खडकावर खुणा आहेत. एलियाहूचा रथ इथे टेकला, अशी श्रद्धा. शबाट या हिब्रू महिन्याच्या पंधराव्या दिवशी, झाडांच्या नववर्षाला, इथे एलियाहू हन्नबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाहूचा, उरूस भरतो.

नवस फेडायचा तो मलिद्याने. पोहे भिजवून त्यात गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा घालायचा, ताटात रास करून भोवती फळं मांडायची. हिब्रूतून ‘एलियाहू हन्नबी’ म्हणायचं आणि मग सगळ्यांना वाटायचं. त्या गाण्याच्या ध्रुवपदात तो तिश्बी आहे, गिलादी आहे. कर्मेलचा उल्लेख नाही.

१९४८ नंतर बरेचसे बेने इस्रायल इस्रायलला गेले. मलिदा बरोबर गेला. हैफा शहरात कर्मेलच्या पायथ्याशी एलियाहूची गुहा मानली जाते, तिथेही आता पोहे-खोबऱ्याचं ताट जातं. नवस घरगुतीच असतात. मुलाचं दुखणं, रखडलेलं लग्न, नवं घर. सारफथच्या बाईने ज्यासाठी त्याला फैलावर घेतलं, त्याच जातीच्या गोष्टी.