सीतेची वेणी, पण पाटीपुरती

नमस्कार श्रोतेहो. मृग लागला की आमच्या वडगावच्या एका मामांच्या परसात माझी एक फेरी ठरलेली. बेळगावात मागावर आयुष्य काढलेला हा माणूस. आता हौस आमरीची, म्हणजे ऑर्किडची. चिक्कूच्या खोडाला, नारळाच्या सोडणात, कोळशाच्या कुंडीत, जागा मिळेल तिथं रोप आणि त्याला पाटी.

चार वर्षांपूर्वी एका नर्सरीतून त्यांनी काही रोपं आणली. पाटीवर नाव ‘सीतेची वेणी’. यंदा त्यातल्या एकाला पहिला तुरा आला आणि मामांचा फोन, “ये की जरा. वेणी काही वेणीसारखी दिसेना बघ.”

सीतेची वेणी, शास्त्रीय नाव रिंकोस्टायलिस रेटुसा, हे आसामचं राज्यफूल. तिथं तिला कपौ फूल म्हणतात, बिहू नाचताना मुली केसांत माळतात. तुरा ठासून भरलेला, एकसलग, पांढऱ्यावर जांभळे ठिपके. मामांचा तुरा विरळ, त्याला बाजूला एक फाटा, फुलं गुलाबी. ठिपके मात्र होते, आणि फसायला तेवढे पुरतात.

मी म्हटलं, एक फूल तोडू या. मामांचा चेहरा पडला. चार वर्षं वाट पाहिलेली ना! तरी तोडलं, आणि कापडातले धागे मोजायचं जुनं भिंग काढून दिलं.

आमरीच्या फुलाला बाहेर तीन, आत तीन पाकळ्या. आतली एक बाकीच्यांहून निराळी. तिला ओठ म्हणतात, कीटक तिथंच उतरतो. काही आमरींत तिला जोडून एक छोटी पिशवी असते. रंग सोडा, ही पिशवी बघा. सीतेच्या वेणीत ती चपटी आणि मागं वळलेली, ओठ जिभेसारखा अखंड. मामांच्या फुलात ओठाचे तीन भाग, मधला रुंद, जांभळट, आणि पिशवी पुढं वाकून त्याच्याखाली लपलेली. म्हणजे ही एरिडिस, आमरीचीच दुसरी प्रजाती. त्यातल्या क्रिस्पा नावाच्या जातीच्या ओठाची कड झालरीसारखी कातरलेली असते, हिची साधी. तेव्हा ही एरिडिस मॅक्युलोसा. लिंडले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं १८४५ साली दिलेलं नाव, अर्थ ‘ठिपकेवाली’. आपल्या सह्याद्रीचीच आहे.

नर्सरीवाल्याला फार बोल लावू नये. फुलाविना दोघींची पट्ट्यासारखी जाड पानं सारखीच दिसतात, पानांची टोकंही खाचदार, आणि दोघी पावसाच्या तोंडावरच फुलतात.

“जांबोटीकडं जाऊन खरी वेणी आणू या काय?” मामांनी विचारलं. मी नको म्हटलं. त्या बाजूचं, खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथलं रोप उपटणं गुन्हा. आणि रानातल्या रोपाला परसातलं ऊन-पाणी सहसा मानवत नाही.

मामा जुनी पाटी फेकणार होते. मी हात धरला. नाव चुकलं असलं तरी रोप कधी आणलं, कुठून आणलं हे तिच्यावरच लिहिलेलं. नवी पाटी शिसपेन्सिलीनं लिहिली, पेनाची शाई उन्हानं उडते. दोन्ही एकाच तारेला अडकवल्या.

“आणि ह्या तिघी?” मामांनी शेजारच्या कुंड्या दाखवल्या. त्याच नर्सरीच्या, तेच नाव, अजून न फुललेल्या. मी पेन्सिल घेतली आणि तिन्ही नावांपुढं प्रश्नचिन्ह काढलं.