चिंचिलाचा पिंजरा: आधी खोली बघा, मग पिंजरा

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी मुलांच्या हट्टापायी चिंचिला येऊ घातलाय, त्यामुळे लांबण लावत नाही. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "पिंजरा कुठला घेऊ?" आणि माझं उत्तर दरवेळी तेच, की तो कुठल्या खोलीत ठेवणार ते आधी सांगा.

कारण असं की हा दाट केसांचा, उंदराच्या जातकुळीतला प्राणी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, चिली-पेरूकडचा, कोरड्या थंड हवेत खडकांच्या फटीत राहणारा. १९२३ साली मॅथियास चॅपमन नावाचा अमेरिकन मायनिंग इंजिनिअर चिलीतून अकरा चिंचिला कॅलिफोर्नियाला घेऊन आला, फरच्या धंद्यासाठी, आणि इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, पाळीव चिंचिलांपैकी बहुतेक त्याच अकरांचे वंशज. डोंगरावरून त्यांना एकदम खाली आणलं नाही, हळूहळू उतरवत आणलं आणि बोटीवर गार ठेवायला बर्फ लावला असं सांगतात. म्हणजे त्या माणसाने पिंजऱ्याआधी हवेचा विचार केला, आपण मात्र दुकानात जाऊन रंग बघतो!

चिंचिलाच्या कातडीच्या एकेका छिद्रातून पन्नास-साठ केस निघतात, त्यात घाम येत नाही, त्यामुळे उकाडा सहनच होत नाही. घरात ६० ते ७० फॅरेनहाइट उत्तम, ७५ च्या वर गेलं की लक्ष ठेवायचं आणि ८० म्हणजे सरळ धोका. पाळणाऱ्या लोकांचा एक सोपा हिशोब आहे, फॅरेनहाइटमधलं तापमान आणि हवेतला दमटपणा टक्क्यांत, दोन्हीची बेरीज करायची, १५० च्या वर गेली की गडबड. आता आपल्या न्यू जर्सीत जुलैमध्ये ८२ आणि ७० धरा, झाले की १५२. पंखा लावून भागत नाही, घामच नाही तर वारा काय वाळवणार, एसीच लागतो. बेसमेंट गार असतं म्हणून लोक तिकडे ठेवतात पण तिथे ओल असते, मग डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल कमी करणारं यंत्र, आलाच. खिडकीच्या उन्हात नको, स्वयंपाकघरात तर नकोच नको. आणि कोणी मुंबईतल्या भाच्याला गिफ्ट द्यायचा विचार करत असेल तर पावसाळ्यातले ८६ आणि ८० मिळवून बघा, आणि दुसरं काहीतरी द्या.

खोली ठरली की पिंजरा. तो बघताना दोनच गोष्टी डोक्यात ठेवायच्या, चिंचिलाचे पाय आणि चिंचिलाचे दात.

पाय आधी. मागच्या पायाची नडगी लांब आणि काडीसारखी बारीक असते, आणि उडी मारताना पाय जाळीत अडकला की ती मोडते, डॉक्टरांकडे याचे फ्रॅक्चर येतात ते बरेचसे असेच. म्हणून जाळीचा तळ असलेला पिंजरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, आणि घेतलाच असेल तर त्यावर लाकडी फळी किंवा फ्लीसचं कापड पसरा, नाहीतर तळव्यांना जखमाही होतात. गजांमधलं अंतर मोठ्या चिंचिलाला एक इंचापेक्षा जास्त नको, पिल्लं होणार असतील तर अर्धा इंच. उंच पिंजरा सगळ्यांना आवडतो, पण पाच फुटांचा पिंजरा आणि आत दोनच फळ्या असं असेल तर चिंचिला वरून धाडकन खाली पडणार. फळ्या आडव्यातिडव्या, अशा लावायच्या की पडला तरी फूट-दीड फुटावर पुढची फळी असेल. शिड्यांची गरज नाही, तो उड्याच मारतो.

आता दात. जन्मभर वाढत राहतात, म्हणून दिसेल ते कुरतडतो. क्रिटर नेशन नावाचा दोन मजली पिंजरा इथे खूप लोक घेतात, तीन फूट रुंद, दोन फूट खोल, पाच फुटांवर उंच, दारं पूर्ण उघडतात, गजांमध्ये अर्धा इंच, जोडीला छान पुरतो. पण त्याचे तळाचे ट्रे आणि कप्पे प्लॅस्टिकचे, आणि गिळलेलं प्लॅस्टिक आतड्यात अडकतं, त्यामुळे लोक ते काढून धातूचे ट्रे आणि भट्टीत वाळवलेल्या पाइनच्या फळ्या बसवतात. तो खर्च पहिल्याच दिवशी बजेटमध्ये धरा. फळ्या तो खाणारच, दर काही महिन्यांनी बदलायच्या, त्याला इलाज नाही. सीडरचं लाकूड अजिबात नको. जस्ताचा मुलामा दिलेली साधी जाळीही नको, चावून चावून जस्त पोटात जातं. पाण्याची बाटली काचेची घ्या.

चाक हवं असेल तर निदान १५ इंचांचं, धातूचं, भरीव पाठीचं. हॅमस्टरच्या चाकात त्याची पाठ कमानीसारखी वाकते.

एका काकांनी मगाशी विचारलं की रोज संध्याकाळी बाहेर सोडणार आहोत, मग छोटा चालेल ना? नाही चालणार काका, कारण हा जागा होतो तिन्हीसांजेला आणि रात्रभर उड्या मारतो, तुम्ही अकराला झोपलात की पुढचा सगळा वेळ तो पिंजऱ्यातच. आणि त्याच कारणासाठी मुलांच्या बेडरूममध्ये ठेवू नका, चाकाचा आवाज ऐकून झोपेचं खोबरं होईल.

डस्ट बाथचं, म्हणजे तो अंग साफ करायला ज्या बारीक धुळीत लोळतो तिचं, भांडं आतच ठेवून दिलं तर चालेल का, असं मागून कोणीतरी विचारतंय. आठवड्यातून तीन-चारदा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि काढून घ्या, नाहीतर तो त्यातच लघवी करतो, शिवाय सारखी धूळ उडून डोळे लाल होतात.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. फक्त गंज बघा, गजांवरचा रंग कुठे कुरतडलेला आहे का बघा, आणि आणायच्या आधी जिन्याची वळणं मोजा, पाच फुटी पिंजरा जोडलेला असेल तर वळत नाही, सुटा करून आणा आणि खोलीतच जोडा.