तारांकित 0.05

[दृश्य: पॅकहाऊस. फक्त कात्र्यांचा आवाज. निवेदन दहा सेकंदांनी.]

निफाड तालुका, फेब्रुवारी महिना. द्राक्षाचा घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. मण्यावरची ती धुकट पांढरी झाक पुसली गेली की घड बाद. कात्रीचं टोक आत घालून बारका, डागी मणी नेमका तेवढाच उडवायचा. बायकांचे हात इतके सराईत झालेत, की बघायची गरजही पडत नाही. गप्पा चालू असतात.

मणी मापायच्या या पट्टीला भोकं आहेत. 16 मिलिमीटरच्या भोकातून जो मणी खाली पडला, तो युरोपला जाणार नाही. तो कुठे जातो, ते पुढे दिसेल.

[दृश्य: पनेटवर, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डब्यावर, लेबल चिकटतं. क्लोजअप.]

या लेबलवरच्या आकड्यांवरून नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात बसलेला माणूस थेट प्लॉटपर्यंत पोचतो. कुठलं गाव, कुणाची बाग, तपासणीचा अहवाल काय. या व्यवस्थेचं नाव ग्रेपनेट. 2003 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षात कीडनाशकांचे अंश सापडले, तेव्हापासून हे सगळं उभं राहत गेलं. प्लॉटची नोंदणी करायची, प्रयोगशाळेचा माणूस येऊन स्वतः नमुना काढणार, अहवाल ठीक आला तरच काढणी. व्यवस्था चोख. म्हणूनच 2010 साली जे झालं, ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

[दृश्य: बाग. ओलांडा, काडी, फुगलेला डोळा.]

एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, जुन्या काड्या छाटून टाकतात. नवी फूट निघते आणि पळत सुटते. नुसती पळाली तर डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या कोंबात, घड धरत नाही. म्हणून शेंड्याला लगाम घालायचा. त्यासाठी बागायतदार वर्षानुवर्षं लिहोसीन हे वाढ रोखणारं औषध मारत आले. शास्त्रीय नाव क्लोरमेक्वाट क्लोराइड, बोलताना सीसीसी. फवारणी उन्हाळ्यात, द्राक्ष खायला येणार पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत. मधे फळछाटणी, मधे सगळा पावसाळा. इतक्या महिन्यांनी काय उरणार, असाच हिशोब होता.

पण वेल विसरत नाही. थोडं लाकडात राहतं, तिथून घडात उतरतं.

[दृश्य: प्रयोगशाळा. द्राक्षांचा लगदा, नळ्या, फिरणारं यंत्र.]

द्राक्षांचा लगदा करायचा, त्यात इथाइल अ‍ॅसिटेट घालायचं, घुसळायचं. बहुतेक कीडनाशकं या द्रावणात उतरतात आणि यंत्र एका फेरीत ती ओळखतं. सीसीसी मात्र पाण्याच्या जातीचं. ते या द्रावणात येतच नाही, त्याची चाचणी वेगळी करावी लागते. आणि ती कुणी केली नाही, कारण तपासायच्या रसायनांच्या आपल्या यादीत सीसीसीचं नावच नव्हतं. अहवाल खरे होते. प्रश्नच विचारला नव्हता.

कंटेनर तिकडे पोचले आणि तिकडच्या प्रयोगशाळांनी तो विचारला. सीसीसी मर्यादेपेक्षा जास्त सापडलं.

[दृश्य: युरोपीय तक्ता. एका ओळीवर झूम.]

हा युरोपीय संघाचा त्या वेळचा तक्ता. 2008 च्या सप्टेंबरपासून सगळ्या सदस्य देशांना एकच. टेबल ग्रेप्स, म्हणजे खायची द्राक्षं, क्लोरमेक्वाट: किलोला 0.05 मिलिग्रॅम. तेरा टनांच्या अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून पाऊण ग्रॅमही नाही. आकड्याशेजारची चांदणी बघा. चांदणीचा अर्थ, ही मर्यादा विषाच्या हिशोबावरून आलेली नाही, यंत्राला खात्रीनं जेवढं कमीत कमी मोजता येतं त्यावरून आली आहे. युरोपात द्राक्षावर हे कुणी वापरत नाही, मग मुभा कशाला, असा साधा विचार.

आता त्याच तक्त्यात खाली या. गहू. गव्हाला तेव्हा किलोला 2 मिलिग्रॅमपर्यंत चालत होतं. चाळीस पट. कारण उंच वाढलेला गहू आडवा पडू नये म्हणून युरोपातले शेतकरी तेच सीसीसी मारतात. पाव रोज खातात. द्राक्षं हंगामात, वाटीभर.

जागतिक व्यापार संघटनेच्या 1995 च्या करारानुसार प्रत्येक देशाला आपल्या माणसांच्या जिवासाठी नियम करता येतात. फक्त त्याला शास्त्राचा आधार हवा आणि तो व्यापाराला छुपा अडसर ठरता कामा नये. चांदणी शास्त्रात बसते की अडसरात, यावर जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयात, कितीही वेळ बोलता येतं. द्राक्ष तेवढं थांबत नाही.

[दृश्य: रिकामा पॅकहाऊस, भिंतीला लावलेले क्रेट. इथे संगीत नको.]

माल बंदरात अडकला, भाव पडले, पुढची खरेदी थांबली आणि कर्ज शेतकऱ्याच्या नावावर राहिलं.

पुढच्या हंगामापासून सीसीसी यादीत आलं.

[दृश्य: संध्याकाळ. टेम्पोत क्रेट चढतात.]

सोळा मिलिमीटरच्या भोकातून पडलेला मणी इथे आहे. कागद अंथरलेल्या क्रेटमध्ये, नाशिकच्या, मुंबईच्या बाजारासाठी. मालाला काही खोट नाही, गोडी उलट जास्तच. आम्ही शूटिंगभर हेच खाल्लं. या क्रेटवर लेबल नाही. ही द्राक्षं कुठल्या प्लॉटची, ते टेम्पो सुटेपर्यंत ड्रायव्हरला माहीत असतं.

[दृश्य: कंटेनरचं दार बंद होतं, सील लागतं.]

आत तापमान शून्याच्या आसपास. न्हावा शेवा बंदर इथून रात्रभराच्या वाटेवर. सीलचा नंबर दोनदा वाचून घेतात, एकदा मोठ्यानं.